धारेच्या वेळेची जाहिरात

मंगळवार, दिनांक ४ फेब्रुवारी २०२५, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. माधवी शितोळे हिच्या वहीत जानेवारी महिन्याचे तीन आकडे एकाखाली एक लिहिलेले होते. क्लिक पाच हजार बारा. खर्च साठ हजार एकशे चव्वेचाळीस. ऑर्डरी एकशे सत्तेचाळीस. ती भागाकार करून चौथा आकडा लिहिणार, तोच इंदापूरहून अकबर मुलाणींचा फोन आला. त्यांनी तो भागाकार आधीच केलेला होता.

"माधवीताई, रबराच्या एका सेटमागं मला तीनशे तीस सुटतात. तुमची जाहिरात एका गिऱ्हाइकामागं चारशे नऊ खाती. म्हंजी गिऱ्हाईक आलं की मी बुडालो, न्हाय आलं तर वाचलो. ह्यो कसला धंदा म्हणायचा?"

"अकबरभाई, मला महिनाअखेरपर्यंत वेळ द्या."

"दिला. अठ्ठावीसला या, जुम्म्याच्या नमाजाआधी. जमलं न्हाय तर मार्चपास्नं जाहिरात बंद."

अकबरभाई गाईंची धार काढण्याच्या यंत्रांचे सुटे भाग ऑनलाइन विकत आणि बोलावले तर यंत्रदुरुस्तीलाही जात. त्यांच्या विक्रीत सर्वांत मोठा वाटा यंत्राच्या कपांत बसणाऱ्या रबरी नळ्यांचा होता. महाराष्ट्रात कुणीही फोनवर अशा रबराचा शोध घेतला की वरच्या बाजूला त्यांची जाहिरात दिसे. त्या जाहिरातीवर बोट टेकले की, माल घेतला न घेतला, त्यांचे बारा रुपये खर्ची पडत. ही जाहिरात कुणाला, कुठे आणि केव्हा दिसावी हे ठरवणे माधवीचे काम होते. त्याबद्दल ती जाहिरातखर्चाच्या पंधरा टक्के घेई. तिच्या सात ग्राहकांत अकबरभाई सर्वांत मोठे. ते गेले असते तर बारामतीतले तिचे एका खोलीचे कार्यालय बंद करावे लागले असते.

माधवी घाबरली नाही. तंत्रनिकेतनातून पदविका घेतल्यावर अकरा वर्षे तिने एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात गुणवत्ता तपासणी केली होती. दूध नासले की कुणाला बोल न लावता टाकीपासून मागे मागे तपासत जायचे, ही सवय तिच्या हाडात मुरलेली होती. तिने जाहिरातही तशीच मागून तपासायला घेतली.

पहिला दोष दोन तासांत सापडला. तेराशे क्लिक अशा लोकांचे होते, ज्यांना रबर नकोच होते. कुणी यंत्रावरचे सरकारी अनुदान शोधत होते, कुणी आजचा दूधदर. असे शब्द तिने एकेक करून वगळले. वगळताना तिच्या ध्यानात आले, की अकबरभाईंचे शंभर रुपये वाचले की तिच्या मोबदल्यातले पंधरा जात आहेत. तिचा हात थांबला नाही. पण वहीच्या समासात तिने लिहून ठेवले, 'दोष क्रमांक दोन : माझा दर.'

तिसरा दोष मात्र कळेना. तासवार तक्ता मांडल्यावर दिसले, की एकशे सत्तेचाळीसपैकी अठ्ठ्याऐंशी ऑर्डरी संध्याकाळी पाच ते साडेसात या अडीच तासांतल्या होत्या. दिवसभराचे क्लिक भरपूर आणि ऑर्डरी तुरळक. तक्ता काय घडते ते सांगत होता, का घडते ते सांगत नव्हता. तेव्हा तिने ऑर्डरींची यादी समोर घेतली आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन लावून एकच प्रश्न विचारला : तुम्ही रबर शोधलंत, तेव्हा हातात दुसरं काय होतं?

बहुतेकांनी तिला वेड्यात काढले. एकोणिसावा फोन वरकुट्याच्या जयवंताबाईंना लागला.

"हातात? फाटल्यालं रबर व्हतं, दुसरं काय असनार? तू कोन, बाई?"

"मी ती जाहिरात करते, काकू."

"मंग ये की सकाळी गोठ्यावर. तुला चार गोष्टी सुनवायच्याच हायेत."

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला स्कूटर काढून माधवी उजाडायच्या आत वरकुट्यात पोहोचली. गोठ्यात सहा जर्सी गाई, मोटारीची घरघर, आणि मशीनच्या कपांतून काचेच्या नळीत धावणारे दूध. जयवंताबाई पन्नाशीच्या, डोईवर मफलरसारखी गुंडाळलेली शाल. कप लावता लावता त्या बोलत होत्या.

"माझं रबर फाटलं सकाळी साडेपाचला. गाय पान्हावल्याली. साताच्या आत दूध डेअरीला घालायचं. फोनवर शोधलं तर तुमची जाहिरात कुठं हाय? न्हायच! सहा गायी हातानं पिळल्या. बोटं बघ. संध्याकाळच्या धारेला परत शोधलं, तवा तुमची जाहिरात उगावली."

"काकू, जाहिरात सकाळी नऊला सुरू होते. दुकानाची वेळ धरून मीच ती लावली होती."

"नऊला?" जयवंताबाई कप हातात धरून थांबल्या. "शिकल्याली मान्सं नवाला उठत्यात व्हय? अगं, नवाला मशीन धुवून खुंटीला टांगल्यालं असतंय. दुपारच्याला रबर बघनारा एक तर दुकानदार, न्हायतर रिकामटेकडा."

माधवी हसली, आणि हसता हसता तिने चूक कबूल केली. दूध प्रकल्पात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवत, की नमुना वाहत्या नळीतून घ्यायचा. ती स्वतः मात्र सगळा जानेवारी बंद नळीपाशी भांडे धरून बसली होती.

"आणखी एक सांग त्या दुकानवाल्याला," चहाचा कप पुढे करत जयवंताबाई म्हणाल्या. "तीन दिवसांनी आल्यालं रबर काय कामाचं? संध्याकाळच्या धारेआधी मिळत असंल तर मी धा रुपये जास्त दीन."

अठ्ठावीस तारखेला साडेअकरा वाजता माधवी इंदापूरच्या दुकानात बसली होती. अकबरभाई गल्ल्यावर, आणि त्यांची पत्नी सितारा मागच्या फळीवर खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. माधवीने एक कागद पुढे ठेवला. जाहिरात पहाटे साडेचार ते साडेसहा आणि दुपारी साडेचार ते आठ एवढीच. महाराष्ट्रभर नव्हे, इंदापूर, बारामती, दौंड, फलटण, माळशिरस, करमाळा या सहाच तालुक्यांत. मजकूर एका ओळीचा : सकाळी मागवा, संध्याकाळच्या धारेला लावा.

"संध्याकाळच्या आत पोचवायचं कुनी?" अकबरभाईंनी विचारले.

"सातच्या एसटीला पार्सल टाकलं तर सहाही तालुक्यांत दुपारपर्यंत पोहोचतं. मी प्रत्येक गाडीची वेळ विचारून आले आहे. प्रश्न सातच्या आत खोकं बांधण्याचा आहे."

मागून सितारा म्हणाली, "परवापास्नं रोजे हायेत. सहेरीच्या जेवणाला घर चारलाच जागं असतंय. नमाज झाली की खोकी बांधू."

"आनि रोजे संपल्यावर?" अकबरभाई.

"संपल्यावर तुमी उठायचं. मी तवर सवय लावते."

अकबरभाईंनी कागद पुन्हा वाचला आणि शेवटच्या ओळीपाशी भुवया वर नेल्या. "खर्च साठाचा पंचवीस हजारांवर येनार म्हनता. मंग तुमचे पंधरा टक्के किती ऱ्हातील? पावनेचार हजार? ताई, स्वतःच्या पोटावर पाय देनारी जाहिरातवाली मी पैल्यांदा बघतोय."

"म्हणून टक्केवारी आजपासून बंद. अकबरभाई, तुम्ही मशीन दुरुस्तीला जाता, तेव्हा मजुरी कशी घेता? बदललेल्या पार्टच्या किमतीवर टक्के लावता?"

"छे! तसं घेतलं तर चांगलं पार्टसुद्धा बदलायची बुद्धी व्हईल."

"माझंही तेच होतं."

अकबरभाई गडगडून हसले. "बोला, किती?"

"देखरेखीचे महिना पाच हजार. आणि जानेवारीच्या एकशे सत्तेचाळीस ऑर्डरींच्या वर जेवढ्या जातील, त्या प्रत्येकीमागे पंचाहत्तर. खर्च वाढला तर मला एक रुपयाही जास्त नाही."

"पन्नास."

"पन्नास चालतील. पण पाच हजारांत घासाघीस नाही. तेवढ्यात माझा रोजचा तास जातो."

"आनि परत आल्याला माल मोजायचा न्हाय," सितारा खोके खाली ठेवत म्हणाली.

माधवीने पेन उचलून ती अट स्वतःच्या हाताने कागदावर लिहिली, खाली सही केली आणि कागद गल्ल्याकडे सरकवला. "वहिनी, ही अट माझ्याकडून सुटली होती. तुम्ही बारामतीला या, दोघी मिळून कार्यालय चालवू."

"हितलंच उरकंना मला," सितारा म्हणाली. पण तो कागद तिनेच घडी घालून ठेवला.

मार्चचा पहिला आठवडा अवघड गेला. दोन पार्सले करमाळ्याऐवजी भलत्याच गाडीत चढली, एका दिवशी सकाळी एकही ऑर्डर आली नाही, आणि अकबरभाईंचे तीन फोन आले. माधवीने मजकुरात बदल केला नाही. सात दिवसांचा नमुना पुरा होईपर्यंत नळीला हात लावायचा नसतो, एवढेच तिने सांगितले. आठव्या दिवसापासून पहाटेच्या ऑर्डरी संध्याकाळच्या ऑर्डरींना मागे टाकू लागल्या.

मंगळवार, १ एप्रिल. ईदचा दुसरा दिवस. दुकानातल्या गल्ल्यावर शिरखुर्म्याची वाटी आणि शेजारी माधवीची वही उघडी होती. अकबरभाई चष्मा लावून एकेक आकडा मोठ्याने वाचत होते. क्लिक एक हजार नऊशे सहा. खर्च बावीस हजार आठशे बहात्तर. परत आलेला माल वजा जाता ऑर्डरी दोनशे एकतीस.

"तुमचे किती झाले?"

"पाच हजार, अधिक चौऱ्याऐंशी ऑर्डरींचे चार हजार दोनशे. नऊ हजार दोनशे."

"आनि जानेवारीत मी किती दिल्ते?"

"नऊ हजार बावीस."

"म्हंजी माझे सदतीस हजार वाचवून तुमी एकशे अठ्ठ्याहत्तर जास्त कमावले." अकबरभाईंनी वाटी तिच्यापुढे सरकवली. "खावा आधी. हिशेब पळून जात न्हाय. एप्रिलमध्ये पहाटे कोन उठनार, ते ठरलंय. बायकोनं माझ्या उशाला गजर लावलाय."

माधवीने शिरखुर्मा संपवला, वही जवळ ओढली आणि जानेवारीच्या चारशे नऊच्या समोर मार्चचा आकडा लिहिला. एका ऑर्डरीमागे जाहिरातीचा खर्च, नव्याण्णव रुपये.