कडेवर मूल असलेली देवी

"इंदू, शनिवारी बडनेऱ्याले येऊन राहिली मी. आजोबाचं पदक काढून ठेव," फिलूचा फोन आला. मी लगेच देव्हाऱ्याशी गेले, तर टाकांचा पाट रिकामा.

"आई, गोपालजवळ टाक अकोल्याच्या सोनाराकडं पाठवले ना," सून रागिणी म्हणाली. "पौर्णिमाच्या लग्नाआधी नवे घडवाले. तुमीच म्हणत होत्या, झिजले म्हणून."

मीच म्हणत होते, नातीचं लग्न ठरल्यापासून. पण पाचांतला एक टाक आमचा नव्हता, हे तिला कुठे ठाऊक?

फिलू म्हणजे फिलोमिना, गार्डाची मुलगी. त्यांचं रेल्वेचं क्वार्टर आमच्या भाजीच्या मळ्याला लागून होतं. माझा गोपाल सहा महिन्यांचा असताना तापाने फणफणला, तेव्हा तिने गळ्यातलं चांदीचं पदक त्याच्या उशाशी ठेवलं. त्यावर संत अंतोन, कडेवर बाळ येशू. तिच्या आजोबांनी ते गोव्याहून आणलेलं. "ताप उतरला का परत दे," म्हणाली.

ताप उतरला. पण तोवर माझ्या सासूबाईंनी, मैनाबाईंनी, पदकाला टाकांत मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. संताचा पायघोळ झगा त्यांना लुगडं वाटला. "लेकरू कडेवर घेतलेली देवी हाय. घरात आली, आता कुठं धाडतं तिले?" मी पदक तिथेच राहू दिलं. महिन्याभरात फिलूच्या वडिलांची भुसावळला बदली झाली. पाठवते, पाठवते म्हणत बावन्न वर्षं गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच गाडीने अकोल्याला निघाले. वाटेतलं मूर्तिजापूर येता येईना. मी चपला काढत होते, घालत होते. समोरच्या बाईने विचारलं, "आजी, घरी कोनी बिमार हाय का?"

"हो," म्हणाले.

वामनराव सोनारांनी लाल कागदाची पुडी उलगडली. पाच नवेकोरे टाक चमकत होते.

"आणि जुने?"

"जुने कुठचे बाई? तेच आटवून तर हे घडवले. ही देवी तं ओळखूच येत नव्हती. लेकराचा हात दिसला, त्यावरून काढली."

संत अंतोनाच्या नाकात नथ होती.

शनिवारी फिलूच्या तळहातावर तो टाक ठेवला आणि सगळं सांगितलं. तिने चष्मा पुसून पाहिलं.

"इंदू, याले नथ घातली तुमी?" ती हसली, मग एकदम थांबली. "हरवलेलं शोधून देणारा संत हा. आता यालेच कोन शोधन?"

"पाचांची चांदी एकत्र आटली गं. तुझी कोणती, सांगता येत नाही. हाच घेऊन जा."

दारातून रागिणी म्हणाली, "आई, लग्नाले पाच टाक लागतात."

फिलूने मूठ मिटली.

"लग्न कधी हाय?"

"सोळाला," मी म्हणाले.

"सतराले येतो मी. तोवर राहू दे." तिने टाक माझ्या हातात दिला. "पन कुंकू नको लावू त्याले."

रागिणीला सांगितलं आहे. तरी पूजेला बसली की तिचं कुंकवाचं बोट सवयीने चारांवरून पाचव्याकडे जातं. म्हणून रोज तिच्याआधी उठून मी देव्हाऱ्याशी बसते. आज अकरा तारीख.