चौरंग, फक्त दोन तासांत

माझा नवरा अभिनव जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मशीन डिझाइन शिकवतो. म्हणजे यंत्रं कशी बनवावीत हे तो मुलांना गेली सोळा वर्षं सांगतोय, आणि या सोळा वर्षांत आमच्या घरातला गळका नळ दर वेळी प्लंबरनेच दुरुस्त केलाय. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्याने सुतारकामावर मराठीतून यूट्यूब चॅनल काढलं तेव्हा मला जराही आश्चर्य वाटलं नाही. सल्ला देण्याआधी ते काम करून पाहायचं असतं, ही कारागिरांची भानगड. प्राध्यापकांना ती लागू नाही.

फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत पूर्वी कपडे वाळायचे. तिथे वर्कशॉप झालं. भिंतीवर प्लायचा बोर्ड, बोर्डावर मार्करने आखलेल्या आकृत्या आणि प्रत्येक आकृतीत तिचं तिचं हत्यार. तीन रंधे, अकरा पटाश्या, जपानी करवत, जर्मन गुण्या. काटकोन जर्मनीतही नव्वद अंशांचाच असतो ना, असं मी एकदा विचारलं. "अमिता, अचूकता म्हणजे काय ते तुला कळायचं नाही," असं उत्तर मिळालं. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. लोकांच्या हाडांत स्क्रू बसवते. पण ते असो.

त्याचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ म्हणजे 'चौरंग, फक्त दोन तासांत'. शीशमची फळी कापली, चार पाय कापले, फळीला वरून प्रत्येक पायात दोन-दोन स्क्रू, मध्ये पांढरा सरस. मग टीव्हीवरच्या पाककृतीत कच्चं पातेलं खाली जातं आणि शिजलेलं वर येतं, तसं याने टेबलाखाली वाकून एक देखणा, चकचकीत चौरंग वर काढला. "आणि हा बघा, तयार!" तो चौरंग आम्ही सीकरहून परतताना चौमूंच्या रस्त्यावर एका सुताराकडून विकत आणला होता. अभिनवने स्वतः केलेला माळ्यावर गाद्यांच्या मागे पडला होता. त्याच्यावर मी एकदा पोळ्यांचा डबा ठेवला होता आणि तो डबा हळूहळू पूर्वेकडे निघाला होता.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी माझ्या ओपीडीत एक धिप्पाड गृहस्थ आले आणि खुर्चीशेजारी उभेच राहिले. नागनाथ शेवाळे, निवृत्त सुभेदार, मूळचे खटावचे, आता मानसरोवरात घर बांधून राहिलेले. सोबत पत्नी, तारामतीबाई.

"बसा ना सुभेदारसाहेब."

"बसता येत असतं तर आलो असतो व्हय, म्याडम? चौरंगावरनं पडलो."

"चौरंगावर चढला होता?"

"बसलो हुतो. एकसष्टीचं औक्षण चाललं हुतं. पाटावर मांडी घालता येत न्हाई, म्हनून चौरंग. सियाचीनला दोन वर्सं काढली, कधी पाय घसरला न्हाई. आन् घरात कुंकू लावून घेताना चारी पाय चार दिशेला! माझे न्हवं, चौरंगाचे."

तारामतीबाई पर्सचा पट्टा पिळत होत्या. "म्याडम, चौरंग मी केलता. माझ्या हातानं. यूट्यूबवर बघून."

"कोन तर मराठी गाढाव हाय म्हने, हितंच जयपुरात," सुभेदार म्हणाले.

"गाढाव नका म्हनू वो. प्रोफेसर हायत ते."

"मग शिकल्यालं गाढाव."

मी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि बराच वेळ धरून ठेवला, कारण माझं तोंड त्यामागे लपत होतं. माकडहाडाला मार होता, फ्रॅक्चर नव्हतं. गोळ्या लिहिल्या, मध्ये भोक असलेली गोल उशी लिहिली, तीन आठवडे जपायला सांगितलं. पेशंटची गोष्ट घराबाहेर न्यायची नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे. घरातली गोष्ट पेशंटला सांगू नये, असं मात्र कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

"ते गाढव माझ्या घरी राहतं," मी म्हणाले आणि कागदाच्या मागे पत्ता लिहून दिला. "रविवारी चहाला या. चौरंग घेऊन या."

रविवारी तारामतीबाई एकट्याच आल्या. सुभेदारांना ऑटोतले धक्के परवडणारे नव्हते. खऱ्याखुऱ्या प्रेक्षक घरी आल्या म्हणून अभिनव इतका खूश, की त्याने इस्त्रीचा कुर्ता घातला. काय झालंय हे मी त्याला सांगितलं नव्हतं. बाईंनी गोणपाटाची पिशवी उघडली आणि फळी, चार पाय असं सगळं हॉलच्या फरशीवर मांडलं. मग काय झालं ते स्वतःच सांगितलं.

अभिनवने घसा साफ केला. "काकू, स्क्रू आखूड पडले असणार."

"पन्नास एमएम. तुमी सांगितलेलं."

"मग लाकूड कमी प्रतीचं."

"शीशम. तुमी सांगितलेलं."

"सरस नीट सुकला नसेल."

"तुमी बारा तास म्हनला हुता. मी चोवीस दिलं."

त्याने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटांची बशी पुढे केली.

"तुमचा चौरंग बघू का, सर?" बाईंनी विचारलं. तो देवघरात होता, वर गणपती. बाईंनी नमस्कार केला, मूर्ती अलगद खाली ठेवली आणि चौरंग उलटा केला. बराच वेळ बोटं फिरवली.

"हितं एकबी स्क्रू न्हाई," त्या म्हणाल्या. "पाय चौकटीत घुसवल्यात. सर, ह्यो तुमी केल्याला न्हाई."

"तो... रेफरन्स मॉडेल आहे."

"तुमचा कुठाय?"

मी शिडी आणली. अभिनवने माळ्यावरून तो चौरंग काढला. बाईंनी त्यावर तळहात ठेवून नुसता भार दिला, तर एक पाय कडकन सुटून सोफ्याखाली गेला.

अभिनव सोफ्याच्या कडेवर बसला. वाकून त्याने सुटलेला पाय बाहेर ओढला. मग म्हणाला, "साहेबांना फार लागलं का हो?"

"मुका मार हाय, बरा हुईल," बाई म्हणाल्या. "पर मला लई वाईट वाटलं, सर. पस्तीस वर्सं बदल्या, ट्रंका, पोरांच्या शाळा. पैल्यांदा काय तर मी माझ्यासाठी केलं हुतं. दीर-जावा, व्याही, समदी हसली. साहेब पडलं म्हनून न्हवं. मी केलं हुतं म्हनून."

मी बशी खाली ठेवली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं चौमूंला, देवघरातला चौरंग ज्यांच्याकडून आणला होता त्या सुताराकडे गेलो. गाडी मी चालवली. अभिनवने अख्खी हत्यारांची पेटी घेतली होती. मोहनजी जांगिड साठी ओलांडलेले, रस्त्यालगत पत्र्याची शेड, आणि हत्यारं म्हणाल तर एक रंधा, एक करवत, तीन पटाश्या, लाकडी मोगरी. त्यांनी अभिनवची सर्वांत चांगली पटाशी उचलली, अंगठ्याच्या नखावर टेकवली. ती घसरली.

"प्रोफेसर साहब, इससे क्या काटते हो? केक?"

"नई है," अभिनव म्हणाला.

"नई है, इसीलिए."

नवं हत्यार दुकानातून धार घेऊन येत नाही, ती आपण द्यायची असते, हे माझ्या नवऱ्याला अकरा पटाश्यांनंतर कळलं. त्या दिवशी दोघांनी फक्त धार लावली. आधी पटाशीची पाठ दगडावर सपाट करायची, मग तिरकी बाजू एकाच कोनात घासायची, मनगट हलू द्यायचं नाही. हातावरचे केस निघाले की झाली. संध्याकाळपर्यंत तारामतीबाईंचा हात गुळगुळीत झाला होता. अभिनवच्या दोन बोटांना मी पट्ट्या बांधल्या.

चौरंग का मोडला, हे मोहनजींनी झाडू घेऊन दाखवलं. झाडूची जुडी उभी धरली आणि वरून तिच्यात खिळा खुपसला. उलटी करून झटकताच खिळा पडला. "पाय म्हणजे ही जुडी. तुम्ही काड्यांच्या मधे स्क्रू घातला. तो कशाला धरणार?" म्हणून पायाला खाच पाडायची, चौकटीच्या पट्टीला जीभ काढायची आणि ती खाचेत ठोकून बसवायची. वरची फळी मात्र घट्ट जखडायची नाही. खालून लाकडी गुटक्यांनी नुसती अडकवायची. "जेठ में सिकुड़ेगी, सावन में फूलेगी. साँस लेने दो." मशीन डिझाइनचे प्राध्यापक हे सगळं वहीत लिहून घेत होते.

चार महिने रविवारी हेच चाललं. तारामतीबाईंची तिसरी खाच मोहनजींनी न बोलता बाजूला ठेवली, म्हणजे पास. अभिनवच्या पहिल्या सहा खाचा चुलीत घालून त्यांनी चहा उकळला. सातवी जरा बरी होती. तिच्यावर नुसतं दूध तापवलं.

मग एका संध्याकाळी अभिनवने जुना व्हिडिओ काढून टाकला आणि नवा केला. 'काही तांत्रिक कारणास्तव' असं काहीतरी ऐकायची मी तयारी ठेवली होती. तो कॅमेऱ्यासमोर बसला आणि म्हणाला, "त्या व्हिडिओतला चौरंग मी केला नव्हता, विकत आणला होता. मी केलेला उभा राहत नाही. माझं ऐकून एकांना दुखापत झाली. त्यांची मी माफी मागतो." सव्वा मिनिटाचा व्हिडिओ. पहिल्या तासात सत्तावीस विद्यार्थ्यांनी खाली 'नाइस व्हिडिओ सर' लिहिलं. त्यांना मराठी कळत नाही, इंटर्नल मार्क कळतात.

दसऱ्याला शेवाळ्यांनी आम्हाला मानसरोवरला जेवायला बोलावलं. तारामतीबाईंचा नवा चौरंग हॉलच्या मधोमध होता. आदल्या दिवशी सुभेदारांनी त्यावर गव्हाची दोन पोती ठेवून बघितली होती, असं बाई हसून म्हणाल्या. तेच दीर, त्याच जावा भिंतीला टेकून उभ्या होत्या. आरती तयार होती. सुभेदार जागचे हलेनात.

"आदी तुमी बसा, प्रोफेसर."

अभिनव बसला. सगळे त्याच्या कंबरेकडे बघत होते. त्याने जरा डावीकडे झुकून पाहिलं, जरा उजवीकडे. काहीही वाजलं नाही. मग तो उठला आणि सुभेदार बसले, आधी अर्धे, मग पूर्ण. तारामतीबाईंनी त्यांना ओवाळलं. एक जाऊ पुढे येऊन म्हणाली, "वैनी, मला बी एक करून द्या की."

"पुढच्या उन्हाळ्यात," बाई म्हणाल्या. "लाकूड अजून ओलं हाय."

आता त्यांच्याकडे लष्करी छावणीतल्या, सुभेदारांच्या ओळखीच्या तीन घरांची कामं आहेत. अभिनव सहा आठवड्यांपासून एक स्टूल करतोय. त्याचे दोन पाय झालेत. उरलेले दोन कधी होणार, असं मी काल विचारलं. "घाई नाही," तो दगडावर पटाशी घासत म्हणाला. मला ओपीडीला उशीर होत होता. निघताना मी पट्ट्यांची डबी त्याच्या हाताशी ठेवली.