पाहुण्यांची ताटली

स्टारवेलची बायको फ्लोरिन जानेवारीत गेली आणि या घरात आपण आता कोण, हा प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसला. सोहराच्या या डोंगराळ मुलखात आईमागून घर धाकट्या लेकीचं. बायको मेली की निपुत्रिक नवऱ्याने बहिणीकडे परतायचं, ही रीत. रिदालिन ही फ्लोरिनची पहिल्या नवऱ्यापासूनची धाकटी लेक. ती अजून ‘जा’ म्हणाली नव्हती. यंदा पावसाळ्याआधी लाकडी भिंतींना असं डांबर फासायचं की तिची जीभच रेटणार नाही, असं त्याने ठरवलं. म्हातारपणी माणूस भाबडा होतो तो असा.

“पा, पश्चिमेला दोन हात फासा हं. तिकडूनच आडवा पाऊस मारतो,” रिदालिन खालून ओरडली. बापाला हाक मारतात तसं ती त्याला ‘पा’च म्हणायची.

“तीन फासतो, पोरी!”

नऊ दिवस तो शिडीवर होता. छपराचे पत्रे तारेने आवळले, खिळ्यांची भोकं बुजवली, पन्हळीतलं शेवाळ खरवडलं. गरम डांबराने डावा तळवा सोलून निघाला.

“तो कोपरा राहिला! डोळे गेले की काय?” ती म्हणाली. आपलं समजूनच बोलते, म्हणून तो हसला.

दहाव्या दिवशी तिने घराला फेरी मारली. नखाने एकेक सांधा तपासला.

“झकास! आता दोन वर्षं बघायला नको.”

स्टारवेलचा जीव भांड्यात पडला. रॉकेलने हात चोळून तो चुलीपाशी नेहमीच्या वेताच्या मोढ्यावर टेकला. अठरा वर्षं तो इथल्या टोपलीतून हाताने पान-सुपारी घेत आला होता. आज रिदालिनने फळीवरची पितळी ताटली काढली, पाहुण्यांची. त्यात विडा मांडून त्याच्यापुढे धरला.

“घ्या, बाह.”

बाह ती वाटेवरच्या कुणालाही म्हणायची. यापेक्षा ती तोंडावर थुंकली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

“तुमच्या बहिणीला निरोप धाडलाय. उद्या सहाची गाडी आहे.”

“तिच्या भिंतींना अजून डांबर नाही गं. पाऊस तर आलाच.”

“मग लवकर पोचायला हवं ना तुम्हाला! आणि पिंपात उरलंय ते नेऊ नका. आम्हाला लागेल.”

त्याने विडा उचलला. हातांचं डांबर पुरतं गेलं नव्हतं; ताटलीवर काळी बोटं उमटली. रिदालिनने ती तिथेच, त्याच्यासमोर, रॉकेलच्या बोळ्याने घासून काढली आणि ताटली फळीवर ठेवून दिली.