ठिपका लाल कुणी केला?

मी एक जुना फोन आहे, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण मित्रांनो, मला जुनं होऊच दिलं नाही. ऐन उमेदीत मी भंगाराच्या खोक्यात येऊन पडलो. तरी मी रडत नाही. ज्याचा सूड घ्यायचा होता, त्याचा घेऊनच आलो आहे.

कारखान्यातच माझ्यात एक खोड राहून गेली. कुणी हात न लावता माझा पडदा आपोआप दाबला जाई. कधी कॅमेरा सुरू होऊन व्हिडिओ निघे, कधी चालू फोन मध्येच कट होई.

माझी मालकीण नळदुरुस्ती करायची. सगळे तिला नळवाली मावशी म्हणत. काम पाण्यातलं, म्हणून तिने जुन्या रेनकोटची पिशवी शिवून मला तिच्यात ठेवलं होतं. पाना हातात घेण्याआधी ती मला उंच, कोरड्या फळीवर ठेवी आणि दटावी, "बस इथे गुमान!" इतकं मला कुणीच जपलं नसतं. आणि मी मेला तिच्याच गिऱ्हाइकांचे फोन तोडत होतो. लोक चिडून दुसरा नळवाला गाठू लागले. घर तर तिच्या एकटीच्या कमाईवर चालायचं. वॉरंटी अजून बाकी होती, म्हणून ती मला सर्व्हिस सेंटरमध्ये घेऊन गेली. तिला नवा मिळाला की मी संपणार, हे मला ठाऊक होतं. तरी मनात म्हटलं, मिळू दे गं बाई तुला चांगला.

काउंटरवरच्या माणसाच्या तोंडात साखर. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं.

"मावशी, काम काय करता आपण?"

"नळ दुरुस्त करते."

"अरे वा! बसा हं, आत नेऊन बघतो."

आत नेऊन त्याने मला टेबलावर पालथं घातलं आणि सिमकार्ड काढलं. त्या खाचेत आमच्या एक पांढरा ठिपका असतो. पाणी लागलं की तो लाल होतो, आणि लाल झाला की वॉरंटी गेली. माझा ठिपका पांढराशुभ्र होता. गोडबोल्याने कापूस गुंडाळलेली काडी पेल्यातल्या पाण्यात बुडवली.

"नळवालीचा फोन म्हटल्यावर पाणी गेलंच की रे!" तो शेजारच्याला म्हणाला आणि काडी ठिपक्याला लावली. दोघे खिदळले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याने मला पालथं घातलं, तेव्हाच माझी खोड उसळली होती. पाठीवरचा कॅमेरा थेट त्याच्या तोंडाकडे बघत होता. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या खोडीला म्हटलं, थांबू नकोस बाई, चालू दे!

बाहेर येऊन तो हळहळला, "वाईट वाटतं हो मावशी. पाणी गेलंय. चूक होते माणसाकडून."

"पाणी? अहो, मी स्वतः भिजते, पण याला थेंब लागू देत नाही!" तिने मला त्याच्या हातून ओढून घेतलं आणि पडद्याकडे बघितलं. मग ती उसळली. "आणि हा आपोआप व्हिडिओ काढतो, तो पण पाण्यानेच का? हा बघा, आता सुद्धा काढलाय!"

तिने तो लावला. पेला, काडी, गोडबोल्याचं तोंड आणि ते खिदळणं. सगळी रांग पुढे सरकली.

"माझाही ठिपका लालच निघाला होता!" एक आजोबा गरजले.

गोडबोल्याची त-त-प-प झाली. आवाज ऐकून मॅनेजर बाहेर आला, व्हिडिओ त्याने दोनदा बघितला. नवा फोन गोडबोल्याला स्वतःच्या हाताने मावशीला द्यावा लागला. काय सांगू, मला इतका आनंद कधीच झाला नव्हता! मावशीने माझी पिशवी मात्र त्या नव्याला घातली. तेवढं टोचलं.

आता गोडबोल्याला मॅनेजरने एकच काम दिलं आहे. ज्यांना ज्यांना त्याने लाल ठिपका दाखवून घरी धाडलं, त्या प्रत्येकाला फोन लावून तो माफी मागतो. माझं खोकं त्याच्याच टेबलाखाली आहे.

मित्रांनो, आम्हाला मावशीसारखं जपा. ते जमत नसेल, तर निदान आमच्या डोळ्यांदेखत पाप करू नका. माझी बॅटरी संपत आली आहे, आणि त्याचे फोन अजून संपलेले नाहीत. पण त्याने खाल्लेली शेवटची शिवी ऐकल्याशिवाय मी काही डोळे मिटत नाही.