करड्याचा खरारा

मी एक जुना खरारा आहे. घोड्याचं अंग घासायचा, लोखंडी दातांचा. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलंही नसेल. त्यात तुमचा दोष नाही, आता घोडेच कुठे उरलेत?

मित्रांनो, एका लोहाराने मला घडवलं आणि मी गोऱ्या साहेबाच्या रिसाल्यात, म्हणजे घोडेस्वारांच्या फौजेत दाखल झालो. माझा धनी साधा स्वार. त्या काळी स्वाराने घोडा घरूनच आणायचा असे. याचा करड्या तीन वर्षांचा होता, रंगाने राखाडी आणि स्वभावाने हट्टी. पागेत एक रीत होती. घोडा घासता घासता मला फरशीवर आपटायचं आणि पडलेल्या धुळीची रेघ तशीच ठेवायची. तुकडीवरचा दफेदार येऊन रेघा मोजायचा; जास्त रेघा म्हणजे जास्त मेहनत. काही कामचुकार चुलीतली राख टाकून रेघा वाढवत. माझ्या धन्यावर ती वेळ कधी आली नाही. करड्याचं अंग आरशासारखं लखलखायचं आणि त्याचा भाव मीही खाऊन घ्यायचो.

सात वर्षांनी रिसाल्यात मोटारी आल्या. हुकूम निघाला की, चांगले घोडे बोटीने दूरच्या लढाईवर जातील, उरलेले ज्याचे त्याने घरी न्यावेत. बोटीने गेलेला घोडा परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हातारा नालबंद धन्याला बाजूला घेऊन म्हणाला, "तपासणीपर्यंत खरारा करू नकोस. अंगावर शेण वाळू दे. साहेब नाक मुरडेल आणि घोडा तुझ्या दारात येईल."

तीन दिवस धन्याने मला हात लावला नाही. मी खुंटीवरून बघत होतो. करड्या त्याच्या खांद्यावर डोकं घासायचा, मग पाठ पुढे करून उभा राहायचा. धनी मान फिरवून निघून जायचा. तपासणीच्या सकाळी मात्र त्याला राहवलं नाही. त्याने मला खुंटीवरून काढलं.

साहेबाने करड्याभोवती एक फेरी मारली, धन्याची पाठ थोपटली आणि करड्याकडे बोट दाखवलं. दुपारी करड्या गेला. माझ्या कामाचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं आणि मला एवढी लाजही कधी वाटली नव्हती.

धनी मला घेऊन पायी घरी आला. एकदा त्याच्या लेकीने करपलेलं पातेलं घासायला मला मागितलं. त्याने दिलं नाही. ती चिडून म्हणाली, त्या सकाळी हात आवरला असता तर आज दारात घोडा असता.

"असता," धनी म्हणाला. "पण तीन दिवस त्याला वाटत होतं, मी त्याला टाकलंय. चौथ्या दिवशी मला ते बघवेना."

धनी गेला आणि मी माळ्यावरच्या पेटीत पडलो. त्या सकाळनंतर कुठल्याच घोड्याच्या ऊबदार अंगाला मी लागलो नाही. फार एकटं वाटतं.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतील, आम्हाला पुसा, तेल लावा, लख्ख ठेवा. माझं मागणं उलटं आहे. कधी पेटी उघडलीत तर मला घासू नका. माझ्या दातांत त्या सकाळचे करडे केस अडकलेत. तेवढे राहू द्या.