दादांची भिंत

"त्या भिंतीला छिन्नी लावायची न्हाई," साळूबाई म्हणाली आणि दारात आडवी उभी राहिली.

सयाजी कपाळ चोळत तिच्याकडं बघत राहिला. तो हंबीररावदादांचा कार्यकर्ता. दादा असताना सभेच्या सतरंज्या घालायचा, आता स्मारक समितीचा चिटणीस झाला होता. त्याच्या मागं बैलगाडीतून उतरवलेला काळा दगड पडला होता. माजी आमदार हंबीरराव वारले त्याला वर्ष होत आलं होतं, आणि कोरेगावाबाहेरच्या या गरिबांच्या वसाहतीत त्यांच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं होतं.

"काय कोरलंय त्याच्यावर?" साळूबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"हेच, की ही भिंत दादांनी सोताच्या हातानं बांधली."

"आन म्होरं?"

"म्होरं काय न्हाई. संपलं."

"संपलं कसं? भिंत तेंची, मग घर कुणाचं?"

"आवं मावशी, घर तुमचंच की."

"मग तसं कोरलंय का?"

सयाजीनं वळून दगडावरची अक्षरं पुन्हा वाचली. शेजारच्या ओट्यावर बसलेला दस्तगीर गवंडी खाली मान घालून तंबाखू मळत राहिला. खरं काय ते वसाहतीत साळूबाईखेरीज त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

साळूबाईचा संशय उगाच आलेला नव्हता. तिचा बाप खडकीच्या कारखान्यात नोकरीला गेला, तेव्हा दीड एकराचा तुकडा दुसऱ्याला कसायला देऊन गेला. पुढं कुळकायदा आला आणि तो तुकडा कसणाऱ्याच्या नावावर लागला. बाप मरेपर्यंत त्या बांधावरून जाताना तोंड फिरवून जायचा. एवढ्यावरून साळूबाईनं आपल्यापुरता कायदा पक्का केला होता. जमीन कसणाऱ्याची होते, तर घरही बांधणाऱ्याचंच होणार.

म्हणून दुष्काळाच्या साली ही घरं उभी राहायला लागली आणि निवडणुकीत पडलेले हंबीरराव दर रविवारी धोतर खोचून चिखलात उतरले, तेव्हा ती सावध झाली. मुंबईत खुर्चीवर बसून आलेला माणूस आपल्या भिंतीला थापी कशाला लावतो? बरोबर फोटोवाला असता तरी तिला उमगलं असतं. फोटोवाला कधीच आला नाही, तेव्हा तर ती जास्तच धास्तावली.

दादा सगळ्यांच्या घरी थोडं थोडं काम करायचे. साळूबाईच्या वाट्याला मागची भिंत आली. तोंडावर नको म्हणायची तिची छाती नव्हती. जन्मभर गवंड्यांच्या हाताखाली घमेली वाहिलेली बाई, थर कसा लावायचा हे तिनं नुसतं बघून उचललं होतं. दादांनी रविवारी रचलेल्या विटा ती सोमवारी पहाटे उतरवायची, चिखल खरवडायची आणि दोरी धरून त्याच विटा पुन्हा रचायची. मग कामावर जायची. दादांचे थर नागमोडी असायचे आणि हात लावला की सुटायचे. "भाषणागत काम हाय," ती दस्तगीरला म्हणायची. "वरनं गुळगुळीत, आतनं पोकळ."

आता तोच माणूस मेल्यावर दगडाच्या रूपानं दारात येऊन पडला होता. दादांचा थोरला मुलगा यंदा उभा राहणार, असं गावात बोललं जात होतं. उद्या त्यानं या दगडाकडं बोट दाखवलं तर?

तेवढ्यात सडकेवर जीप थांबली आणि दादांच्या पत्नी अंजनावहिनी उतरल्या. पांढऱ्या लुगड्याचा पदर सावरत त्या थेट साळूबाईसमोर आल्या. आता ह्या रडणार आणि आपल्याला गुंडाळणार, असं वाटून साळूबाईनं चौकट घट्ट धरली.

"वैनी, खरं सांगते," तीच आधी बोलली. "ह्या भिंतीत दादांच्या हातची वीट न्हाई. मी समद्या काढून परत लावल्या."

सयाजीचं तोंड उघडंच राहिलं. वहिनी मात्र नुसत्या मान हलवत होत्या.

"मला ठावं हाय. घरी येऊन सांगायचे. म्हणायचे, माझी वाकडी भिंत आठ दिसांत सरळ हुती. वीट काढताना फुटू नये म्हणून मुद्दाम चिखल कमी घालायचे."

"मग यायचे कशाला?" साळूबाईला हसावं की चिडावं कळेना. "आयतवार फुकट जायचा की तेंचा."

"म्हणायचे, मी चार थर चढवले की बाई ईर्ष्येनं चारच्या चार चढवती. मी न्हाई गेलो तर तिची भिंत अर्धीच र्‍हाईल." वहिनी थांबल्या. "दवाखान्यात मला म्हणाले, पोरं उद्या नावाची पाटी लावतील. त्या बाईच्या घराला लावू देऊ नकोस, तिला झोप लागायची न्हाई. म्हणून आले. सयाजी, दगड उचल."

"माझ्या भिंतीला लावा," दस्तगीर ओट्यावरून उठत म्हणाला. "चूल हाय ती बाजू दादांचीच हाय."

साळूबाई वहिनींच्या चेहऱ्याकडं निरखून बघत राहिली. मोठ्या लोकांच्या गोड बोलण्यात काय असतं, हे शोधायची तिला सवय होती. पण त्या चेहऱ्यावर शोधण्यासारखं काही नव्हतं. वहिनी दमल्या होत्या, एवढंच दिसत होतं.

"एकबी वीट न्हाई का हो त्यांची?" निघता निघता वहिनींनी हळूच विचारलं.

"न्हाई," साळूबाई म्हणाली, आणि तिला पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं.

वहिनी शेजारी गेल्या. दस्तगीरच्या भिंतीवर छिन्नीचे घाव सुरू झाले. साळूबाई आत आली आणि मागच्या भिंतीपाशी उभी राहिली. एखादा वाकडा थर तेव्हा घाईत तसाच राहून गेला असेल, म्हणून ती या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत हातानं चाचपत गेली. भिंत सगळीकडं सरळ होती.