शिकवणीची घागर

परवा इथं नांदेडला विद्यापीठात मला फीत कापायला बोलावलं होतं. 'सहाध्यायी अध्यापन व शैक्षणिक साहाय्य केंद्र' अशी पाटी होती. वाचता वाचता धाप लागली. आत गेल्यावर कळलं, प्रकार साधाच आहे. ज्या पोराला एखादा विषय येतो त्यानं न येणाऱ्याला शिकवायचा. गोल टेबलं, गार हवा, पांढरा फळा, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली. एका चुणचुणीत मुलीनं मला विचारलं, मॅडम, तुमच्या वेळी असं काही नव्हतं ना?

ते 'ना' मला झोंबलं. गणिताची प्राध्यापक म्हणून मी रिटायर झाले, जीभ अजून रिटायर झालेली नाही. म्हटलं, होतं की! बोअरवर होतं. आणि त्याची फी होती एक घागर पाणी. पोरं हसली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मी घरी आले आणि जेवायला बसले. सारखी रुद्राणी डोळ्यांपुढं.

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. जिल्हा झाला म्हणून सगळ्यांची छाती फुगलेली, नव्या नव्या पाट्या लागलेल्या, कलेक्टरची गाडी बघायला माणसं रस्त्यावर थांबायची. पण पावसानं दगा दिला होता. जिल्हा नवा आणि नळ कोरडे. मी चाकूरची, कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात स्कॉलरशिपवर राहायची, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. वसतिगृहात अंघोळीपुरतं पाणी टँकरनं यायचं, प्यायचं ज्याचं त्यानं आणायचं. डाळ मिलच्या मागं एक बोअर होता, हातपंपाचा. दुपारपासून तिथं घागरींची रांग लागायची. माणसं सावलीला आणि घागरी उन्हात, आपापल्या नंबरावर. कळशी, घागर, डालड्याचा डबा, काय वाट्टेल ते रांगेत उभं असायचं.

मला त्या रांगेचा संताप यायचा. आईच्या माहेरी विहिरीला आमच्या माणसांना हात लावू देत नसत. कुणीतरी वरून ओतेपर्यंत आई काठावर उभी असायची आणि मी तिच्या लुगड्याला धरून. पाण्यासाठी ताटकळणं मला तेवढ्यातच जन्माचं पुरलं होतं. त्यामुळं वर्गातल्या मुली गणित अडलं म्हणून माझ्याकडं यायला लागल्या तेव्हा मी कायदाच केला. शिकवीन. पण जिला शिकायचं तिनं माझी घागर भरून आणायची. आणि शिकवणी होईल ती बोअरवरच, नंबर येईपर्यंत. उगाच खोलीवर येऊन माझं डोकं खायचं नाही.

पहिली आली ती अहमदपूरची तारामती. तिला शिकायचं कमी आणि गप्पा मारायच्या जास्त. दोन घागरींत तिची हौस फिटली. मग रुद्राणी आली.

रुद्राणी निलंग्याची. वडिलांची आडत, घरी शिवपूजा, गळ्यात लिंग, घरात बोलणं कानडी. मराठी बोलायची ती जपून, निसरड्यावर पाय टाकावा तशी. उंच, धडधाकट, दंडात जोर. तिनं माझी घागर एका हातानं उचलली आणि स्वतःची दुसऱ्या हातानं. मी बघतच राहिले. खरं सांगू? मला वाटलं होतं की ही एक दिवस आणेल आणि कुणीतरी कानात सांगितलं की यायची बंद होईल. मीच पहिल्या दिवशी सांगून टाकलं, बघ बाई, आम्ही बौद्ध आहोत, तुला घागरीला हात लावायला चालतंय का नीट विचार कर. तर म्हणाली, घागर तांब्याची आहे ना, मग?

मला तिचा त्या दिवसापासून लळा लागला. आणि रागही तिच्यावरच जास्त काढला मी.

कारण पोरीला गणित म्हणजे स्तोत्र वाटायचं. अख्खं प्रमेय पाठ. स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायची. आणि त्यातला एक आकडा बदलला की डोळे पांढरे! वक्राचं शिखर कुठं, उतार शून्य कुठं होतो, एवढं काढायचं असायचं. मी पुस्तकातलं समजावून सांगायची, परत सांगायची, मग ओरडायची. ती मान डोलवायची आणि कळलं कळलं म्हणायची. ती खोटं बोलते आहे हे तिला माहीत, मलाही माहीत. मी चिडले की ती गुपचूप घागरी पुढं सरकवायची. तिच्या घरची अट मी ऐकून होते. तिच्या अप्पांनी बजावलं होतं की पहिल्या वर्षाला एका विषयात जरी गचकलीस तरी कॉलेज बंद. आणि बाकी सगळ्यांत ती तरायची, बुडायची ती गणितात.

होळीच्या आधीचे दिवस असतील. ऊन असं की घागरीचा काठ चटका द्यायचा. आमचा नंबर लागला, रुद्राणीनं पंप हाणून माझी घागर भरली, डोक्यावर घेतली आणि वळली. समोर तिचे अप्पा. माणिकप्पा. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, कपाळावर विभूती, हातात पिशवी. आडतीच्या कामाला लातूरला आले होते, वसतिगृहात चौकशी करून इकडं आलेले.

त्यांनी आधी मुलीकडं पाहिलं, मग खाली ठेवलेल्या तिच्या घागरीकडं, मग मोकळ्या हातानं उभ्या असलेल्या माझ्याकडं. रुद्राणीनं घागर खाली ठेवली नाही, हे मला अजून आठवतं. माझी आपली बोलायची खोड. म्हटलं, काका, उन्हातून आलात, पाणी घ्या. आणि आमचा तांब्या पंपाखाली भरून पुढं केला.

त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं, पंचशीला. गाव विचारलं, तेही सांगितलं. एवढ्यावरून सगळं कळतं आपल्याकडं. ओठ सुकून पांढरे पडलेले त्यांचे, पण म्हणाले, तहान न्हाई.

मी तांब्या तिथंच मातीत ओतला. दुष्काळात! आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. मला कुणाचीच पर्वा नव्हती, कानशिलं तापली होती. अप्पा मुलीला कानडीत काहीतरी म्हणाले. घागर कुणाची, एवढंच असावं, कारण रुद्राणी मराठीतच बोलली, मला कळावं म्हणून.

"घरी स्वामी आले की त्यांच्या पायाचं तीर्थ घेता ना अप्पा? ही मला शिकवती. मी तर नुसती घागरच घेतली डोक्यावर."

 मिलच्या भिंतीच्या सावलीला एक दगड होता, त्याच्यावर अप्पा जाऊन बसले. पिशवी मांडीवर. बराच वेळ रुमालानं मान पुसत राहिले. ते आता उठून मुलीचं सामान बांधायला सांगणार, याची मला खात्री होती. मग त्यांनी मला हाक मारली. मघा 'पोरी' म्हणाले होते, आता 'बाई' म्हणाले.

म्हणाले, बिदरकडचं स्थळ आलंय, घर चांगलं आहे, ती माणसं घाई करायलीत. त्यांना काय सांगायचं ते आज ठरवायचंय. मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "तुम्ही हिच्या गुरू म्हणती ही. मग गुरूनं खोटं बोलू नये. पोरगी पास होती का न्हाई? हो म्हणा, पाव्हण्यांना निकालापर्यंत थांबवतो. न्हाई म्हणा, आजच्या गाडीनं नेतो."

घ्या! आता काय बोलायचं? हो म्हणावं तर ते खोटं, आणि त्या माणसानं मला नेमकं त्याच शब्दात बांधलेलं. नाही म्हणावं तर माझ्याच तोंडानं तिचं कॉलेज संपणार. रुद्राणी माझ्याकडं बघत नव्हती, खाली ठेवलेल्या आपल्या घागरीकडं बघत होती. तिला उत्तर माहीत होतं. आयुष्यात इतकी असहाय मी फार कमी वेळा झाले आहे, आणि असहाय झाले की मी चिडते. चिडूनच म्हटलं, मला काय विचारता, पोरगी तुमची आहे, तिलाच विचारा! तिला म्हणावं, मला शिकव. तुम्हाला समजलं तर ती पास, नाही समजलं तर न्या.

बोलून गेले आणि मग लक्षात आलं. मी शिकवून जिला कळलं नाही, ती बापाला काय शिकवणार?

रुद्राणीनं डोक्यावरची घागर उतरवली आणि बसली. बोअरभोवतीच्या ओलसर मातीत काडीनं तिनं एक रेघ ओढली, चढत गेलेली आणि मग उतरलेली. आणि पुस्तकातलं म्हणायला लागली, तेच स्तोत्र. अप्पांच्या तोंडावर काही उमटेना. ती अडखळली, थांबली. मग एकाएकी कानडीत सुरू झाली. मला शब्द कळत नव्हते, पण मधूनच 'करडई' ऐकू यायचं, 'मोंढा', म्हणजे आमच्याकडचा धान्यबाजार, ऐकू यायचं. तिची काडी रेघेवरून चढायला लागली. मग तिनं माझ्यासाठी तेच मराठीत सांगितलं, न थांबता, डोळे चमकत.

ती म्हणाली, ही रेघ म्हणजे करडईचा भाव. भाव किती आहे ते बघायचंच नाही. भाव किती जोरानं चढतोय ते बघायचं. इथं जोर जास्त, इथं कमी, आणि इथं भाव चढायचा थांबला, अजून उतरायला लागला नाही. इथं जोर शून्य. तेच शिखर.

"मग माल इथं काढावा," अप्पा म्हणाले.

"पण शून्य दिसला म्हणून लगेच काढू नका अप्पा. तळालाही जोर शून्यच असतोय. आधी चढत होता का उतरत होता, ते बघावं लागतंय."

अगं बाई! हे मी तिला शिकवलंच नव्हतं. म्हणजे शिकवलं होतं, घसा फोडून शिकवलं होतं, पण असं नव्हे. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मी उगाच पंपाकडं तोंड केलं. अप्पांनी त्या रेघेकडं बराच वेळ पाहिलं. मग उठले, मुलीच्या हातात पिशवी दिली, त्यात धपाटे आणि शेंगाची चटणी होती, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले.  पाणी मात्र प्यायले नाहीत. तशा उन्हात तसेच कोरड्या तोंडानं गेले.

त्यानंतर परीक्षेपर्यंत आम्ही उलटं सुरू केलं. मी गप्प बसायची, ती शिकवायची. तारामतीला, मला, रांगेतल्या कुणालाही. डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी तर रोज विचारायची, आज भावाचं काय झालं गं. काय दिवस होते ते! तोंडाला कोरड, अंगावर धूळ, आणि तरी मला त्या रांगेत आता बरं वाटायला लागलं होतं. नंबर लवकर आला की हळहळ वाटायची.

परीक्षा झाली, वसतिगृह रिकामं झालं. जाताना रुद्राणी बसच्या खिडकीतून म्हणाली, पास झाले तर येईन, नाही तर पत्रिका येईल. मी म्हटलं, पत्रिका पाठवलीस तर फाडीन.

निकाल लागला. मी पास. तिचं काही कळेना. निलंग्याला आमचं कुणी नव्हतं, आणि पत्र टाकायचा धीर होईना. पत्रिकाही आली नाही, तीही नाही. जून सरत आला तरी आभाळ कोरडंच होतं. चाकूरला आमच्या वस्तीत टँकर आला तर आला.

अशा एका दुपारी गल्लीतली पोरं सांगत आली, कुणीतरी धोतरवाला पंचशीलाबाईंचं घर विचारायलाय. मी दारात आले. माणिकप्पा. खांद्यावर पितळेची नवी घागर, घागरीच्या तोंडाला फडकं गच्च बांधलेलं, आणि धोतर कमरेपासून खाली ओलं. निलंग्याहून लातूर, लातूरला गाडी बदलून चाकूर, तेवढ्या वाटेनं ते भरलेली घागर मांडीवर घेऊन एस.टी.नं आले होते. हिंदकळून अर्धी सांडली होती. कंडक्टरनं दोनदा खाली उतरवायची धमकी दिली, असं म्हणाले.

माझ्या आईनं, नागुबाईनं, घाईघाईनं सतरंजी टाकली. त्यांनी घागर तिच्यापुढं ठेवली. "शिकवणीची हाय," म्हणाले. "रिकामं भांडं देत न्हाईत आमच्यात. दाणे घालणार होतो, पण पाणीच घातलं."

"आमच्यात बी रिकामं देत न्हाईत," आई म्हणाली.

मला वाटलं, संपलं. हा माणूस हिशेब मिटवायला आला. पोरगी नापास झाली, लग्न ठरलं, गुरूचं देणं राहू नये म्हणून घागर घेऊन आला. रुद्राणी कुठं आहे, एवढं विचारायला माझं तोंड उघडेना. मी, जिचं तोंड कधी मिटत नाही ती!

आईनं पाणी विचारलं नाही. तिला जन्मभराची सवय होती, अशा माणसाला आपण पाणी विचारायचं नाही. तीच दाराशी उभी राहिली, हात एकमेकांत घालून. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "बाई, पाणी द्या की."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग वाकून त्यांच्याच घागरीचं फडकं सोडायला लागली, त्यांना चालावं म्हणून.

"त्यातलं नको," अप्पा म्हणाले. "तुमच्या माठातलं द्या."

आईचा हात थांबला. मग तिनं तांब्या घासलेलाच होता तरी परत घासला, माठातून भरला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि खाली ठेवला तेव्हा त्यात थेंब उरला नव्हता. मिशी पुसली. आणि मग माझ्याकडं वळून, जसं काही मघापासून हेच बोलणं चाललं होतं तसं, म्हणाले की बिदरच्या लोकांना नको म्हणून कळवलंय, पोरीनं गणितात पहिला वर्ग आणलाय, घरी आडतीवरच्या हमालांनाही रेघा ओढून दाखवती.

"दुसऱ्या वर्षाचं गणित लई अवघड असतंय म्हणं," ते म्हणाले. "घ्याल का शिकवणी? घागर त्याच्यासाठी हाय."

मला हो म्हणायचं होतं, पण मी रडत होते. आईनंच हो म्हटलं.